छोट्या प्रकाशकांची नवी मराठी पुस्तकं कशी गाठायची

मोठ्या दुकानाच्या दर्शनी मांडणीत दिसणारी मराठी पुस्तकं बहुतेक ठरलेली असतात. गाजलेल्या इंग्रजी पुस्तकांचे अनुवाद, चरित्रं, यशस्वी होण्याचे मंत्र सांगणारी पुस्तकं आणि तीस-चाळीस वर्षं खपत आलेल्या कादंबऱ्या. त्याच वेळी शेगाव, श्रीरामपूर, नांदेड, नाशिक अशा ठिकाणांहून नवे कवितासंग्रह, कादंबऱ्या, लोकसंस्कृतीवरचे अभ्यास, आत्मकथनं निघत असतात, आणि त्यांतली बरीचशी दुकानापर्यंत पोचत नाहीत. कारण साधं आहे. तीनशे ते पाचशे प्रतींची आवृत्ती, त्यातून वितरक आणि विक्रेता मिळून छापील किमतीच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत कमिशन, आणि विकल्या गेलेल्या प्रतींचे पैसे हातात यायला लागणारे कित्येक महिने. एकट्यानं किंवा दोघांनी चालवलेल्या प्रकाशनाला हे झेपत नाही. त्यामुळे दुकानात नाही म्हणून पुस्तकात दम नसेल, असा निष्कर्ष काढू नका.

मराठीत हे नेहमीच असं होत आलं आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह 1972 साली पुण्याच्या नीलकंठ प्रकाशनानं काढला. अरुण कोलटकरांची मराठी पुस्तकं अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाकडून आली, आणि त्यांतल्या ‘भिजकी वही’ला 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अलीकडचं उदाहरण कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’चं. 2023 चा अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी मुंबईच्या शब्द पब्लिकेशननं काढली होती. पुरस्कारानंतर अशी पुस्तकं सगळीकडे दिसू लागतात. तोवर ती ज्यांच्या हाती पडलेली असतात, ते वाचक ती वेगळ्या वाटेनं मिळवतात. ती वाट कशी धरायची, ते इथे लिहितो आहे.

माझं सांगणं मुख्यतः एकच आहे: लेखक शोधता तसा प्रकाशक शोधा. छोट्या प्रकाशनात कुठलं हस्तलिखित घ्यायचं हे बहुधा एकच माणूस ठरवतो. त्याची आवड तुमच्या आवडीशी जुळली, की त्याच्या यादीतलं अनोळखी लेखकाचं पुस्तकही डोळे मिटून मागवता येतं. मोठ्या प्रकाशनगृहाच्या बाबतीत नाव पाहून असा अंदाज बांधता येत नाही.

आधी घरातलं कपाट उघडा

गेल्या काही वर्षांत वाचलेली आणि मनापासून आवडलेली चार-पाच पुस्तकं काढा आणि प्रत्येकाचं आतलं तपशिलाचं पान उघडा. शीर्षकपानाच्या मागचं हे पान बहुतेक वाचक ओलांडून जातात. त्यावर प्रकाशकाचं नाव, पत्ता, आवृत्तीची तारीख, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन (म्हणजे छपाईआधी चुका तपासणं), मुखपृष्ठ, मुद्रक, हक्क कुणाकडे आहेत आणि किंमत एवढं सगळं असतं. ही नावं एका वहीत उतरवा. दोन आवडती पुस्तकं एकाच प्रकाशनाची निघाली, तर पहिला धागा हाती लागला. मुखपृष्ठकार आणि संपादक यांची नावंही उतरवा. चांगला मुखपृष्ठकार अनेक छोट्या प्रकाशकांसाठी काम करतो, आणि त्याच्या नावावरून पुढचं प्रकाशन सापडतं.

त्याच पानावर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, असतो. हा तेरा आकडी क्रमांक मधल्या आडव्या रेघांसह छापलेला असेल, तर त्यातून प्रकाशनाचा आकार कळतो. सुरुवातीला 978, मग भारतासाठी 81 किंवा 93, मग प्रकाशकाचा क्रमांक, मग त्या पुस्तकाचा क्रमांक आणि शेवटी पडताळणीचा एक आकडा. पुस्तकाचा क्रमांक एकच आकडी असेल, तर त्या प्रकाशकाला दहा पुस्तकांपुरताच संच मिळालेला आहे. दोन आकडी असेल तर शंभरांचा, तीन आकडी असेल तर हजारांचा. लेखकानं स्वतःच स्वतःचं पुस्तक छापलेलं असेल, तर ते इथेच लक्षात येऊ शकतं. भारतात हे क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतात. त्यामुळे क्रमांक आहे म्हणजे पुस्तक दर्जेदार, असं मात्र समजू नका.

काही पुस्तकांवर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचा उल्लेख असतो. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशा लेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी ही योजना आहे. हा उल्लेख दिसला, तर हातातलं पुस्तक कुणाचं तरी पहिलंच आहे, हे नक्की.

नवी नावं कुठे सापडतात

सर्वांत भरवशाची जागा म्हणजे नियतकालिकांतलं ‘साभार पोच’ हे सदर. संपादकांकडे आलेल्या पुस्तकांची यादी तिथे बारीक अक्षरांत छापलेली असते: पुस्तक, लेखक, प्रकाशक, गाव, पानं, किंमत. परीक्षण मूठभर पुस्तकांच्या वाट्याला येतं, पोच मात्र पुष्कळांची होते. ‘साधना’, ‘मुक्त शब्द’, ‘मिळून साऱ्याजणी’, धुळ्याहून सुरू झालेलं ‘कविता-रती’ यांचे अंक सार्वजनिक वाचनालयात बसून चाळले, तरी एका दुपारीत वहीची दोन पानं भरतात. ‘हाकारा’सारखं नियतकालिक तर इंटरनेटवरच वाचता येतं.

दिवाळी अंकांकडेही याच नजरेनं पाहा. 1909 साली ‘मनोरंजन’नं ही परंपरा सुरू केली. आजही नवा कथाकार पुस्तकाआधी एखाद-दोन वर्षं दिवाळी अंकांत दिसतो. आवडलेल्या कथेखालचं नाव टिपून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं का ते पाहा.

पुरस्कारांच्या याद्याही उपयोगी, पण त्यांतही एक निवड करा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळे विभाग आहेत. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. 2018 साली तो नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ या कादंबरीला मिळाला होता, आणि तेही एका छोट्या प्रकाशनाचं पुस्तक. मुख्य पुरस्कारांपेक्षा या विभागांत छोटे प्रकाशक जास्त भेटतात.

आता प्रत्यक्ष पुस्तकं हाताळण्याच्या जागा. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण महाराष्ट्रातले सर्वांत मोठे पुस्तकबाजार कुठल्याच साहित्यिक कार्यक्रमपत्रिकेत नसतात.

6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, दादरच्या चैत्यभूमीशेजारी शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तसेच. गावोगावहून आलेली माणसं तिथून पुस्तकांच्या पिशव्या भरून नेतात. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकेपासून जाडजूड ग्रंथापर्यंत सगळं असतं. बुद्ध, फुले, आंबेडकर यांच्यावरचं लेखन तर असतंच, शिवाय जातीचा इतिहास, स्थानिक चळवळींच्या आठवणी, शाहिरांची गाणी, कवितासंग्रह, आत्मकथनं असतात. यांतल्या कित्येक प्रकाशकांची पुस्तकं एरवी कुठल्याच दुकानात दिसत नाहीत. विलास वाघ यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या सुगावा प्रकाशनासारख्या प्रकाशनांनी दलित आणि परिवर्तनवादी पुस्तकं वाचकांपर्यंत नेली ती अशाच वाटांनी. मराठी ग्रंथव्यवहारावर बोलताना या दोन ठिकाणांचा उल्लेख टाळला जातो, याचं मला वाईट वाटतं. वाचक कुठे आहे हे पाहायचं असेल तर तो इथे रांगेत उभा असतो. जाताना सुटे पैसे आणि मजबूत पिशवी न्या, शक्यतो आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर जा, आणि गर्दी श्रद्धेनं आलेल्यांची आहे हे ध्यानात ठेवून रांगा मोडू नका. प्रत्येक स्टॉलवरची छापील पुस्तकसूची मागून घ्या. तीच पुढे वर्षभर कामाला येते.

अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात गाळ्याचं भाडं द्यावं लागतं, म्हणून दोन-तीन छोटे प्रकाशक मिळून एक गाळा घेताना दिसतात. नावाची पाटी एकाची, पुस्तकं तिघांची. म्हणून पाटी पाहून पुढे जाऊ नका, टेबलावरची पुस्तकं पाहा. उद्घाटनाची भाषणं चालू असताना गाळे मोकळे असतात आणि प्रकाशक निवांत बोलतो. विद्रोही साहित्य संमेलन, जिल्ह्याजिल्ह्यांतले ग्रंथोत्सव आणि 2023 पासून डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सव ही बाकीची ठिकाणं.

निवड करताना काय पाहायचं

एक कटू गोष्ट आधी सांगायला हवी. छोट्या प्रकाशनांच्या नावाखाली दोन अगदी वेगळे व्यवहार चालतात. एकात प्रकाशक हस्तलिखित वाचतो, नाकारतो, सुधारून घेतो आणि स्वतःचे पैसे घालतो. दुसऱ्यात लेखकाकडून पैसे घेऊन जे येईल ते छापून दिलं जातं. वाचकाला बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. त्यांत फरक करायचा तर प्रकाशनाची यादी पाहा. वीस पुस्तकांत एखादी दिशा जाणवते का? की लग्नातल्या मंगलाष्टकांपासून शेअर बाजारापर्यंत काहीही आहे? मुद्रितशोधकाचं नाव दिलं आहे का? पुस्तकाच्या सुरुवातीला चार-चार प्रस्तावना आणि शुभेच्छापत्रं असतील आणि मुद्रितशोधकाचं नाव नसेल, तर मी ते पुस्तक सहसा परत ठेवतो.

पण कवितेच्या बाबतीत हा निकष सैल करा. कवितासंग्रहाच्या शंभर प्रती विकणंही कठीण असल्यानं उत्तम कवींनीही पदरमोड करून संग्रह काढले आहेत. मराठीतली लघुअनियतकालिकांची, म्हणजे लेखक-कवींनीच काढलेल्या छोट्या, अनियमित अंकांची, सगळी चळवळ स्वतःच्या खिशातून चालली. तिथे पैसे कुणी घातले हे विचारू नका, कविता वाचा.

कादंबरी असेल तर पहिलं पान सोडा, ते सगळ्यांचंच घासूनपुसून लिहिलेलं असतं. मधलं कुठलंही संवादाचं पान उघडा. माणसं आपापल्या गावची बोली बोलतात की सगळी एकाच तोंडानं बोलतात, ते दोन मिनिटांत कळतं. वैचारिक पुस्तक असेल तर संदर्भसूची आणि शेवटचं प्रकरण पाहा. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं नाव, मूळ भाषा आणि अनुवादाच्या हक्कांचा उल्लेख आहे का ते तपासा. मूळ भाषेचा उल्लेखच नसेल, तर तो अनुवाद इंग्रजीवरून किंवा हिंदीवरून केलेला असण्याची शक्यता धरा. दहा पानांत पाच मुद्रणदोष आढळले तर पुढेही तेच प्रमाण राहील. पुस्तक फार महत्त्वाचं असेल तरच ते सोसा.

पहिल्या वर्षी कुणाकडून सुरुवात करायची, असं विचाराल तर मी अशी नावं सांगेन: कथा-कादंबरीसाठी मुंबईचं शब्द पब्लिकेशन, विचार आणि इतिहासासाठी लोकवाङ्मय गृह, सामाजिक प्रश्न आणि चरित्रांसाठी पुण्याचं साधना आणि समकालीन, प्रयोगशील लेखनासाठी शेगावचं वर्णमुद्रा, कविता आणि समीक्षेसाठी श्रीरामपूरचं शब्दालय, मराठवाड्यातल्या लेखकांसाठी नांदेडचं इसाप. ही सगळी सारख्या आकाराची नाहीत. काहींचा पसारा बराच मोठा आहे, पण प्रत्येकाच्या यादीला स्वतःचा चेहरा आहे.

थेट मागवणं

पुस्तक ठरलं की आधी प्रकाशकालाच विचारा. बुकगंगा किंवा अक्षरधारासारख्या पुस्तकविक्रेत्यांकडे ते मिळत असेल तर मागवायला काहीच हरकत नाही, आणि घाई असेल तर तेच सोयीचं. मात्र थेट घेतल्यावर कमिशनचा वाटा प्रकाशकाकडे राहतो, आणि त्याच पैशांतून पुढचं पुस्तक छापलं जातं. तीनशे रुपयांच्या पुस्तकावर हा फरक शंभर-सव्वाशे रुपयांचा असू शकतो.

प्रकाशकाचा नंबर पुस्तकावर किंवा सूचीवर छापलेला असतो. फोनपेक्षा व्हॉट्सॲपवर संदेश पाठवा, कारण हा माणूस बहुधा दिवसा नोकरी करत असतो किंवा छापखान्यात असतो. संदेश असा लिहा: “नमस्कार. आपल्या प्रकाशनाची पुढील तीन पुस्तकं हवी आहेत: … प्रती उपलब्ध आहेत का? टपालखर्चासह एकूण रक्कम कळवावी. माझा पिनकोडसह पत्ता … आपली ताजी पुस्तकसूचीही पाठवाल का?” एवढं एकाच संदेशात आलं की चार वेळा विचारपूस करावी लागत नाही. रक्कम पाठवल्यावर तिचा स्क्रीनशॉट आणि पत्ता पुन्हा एकदा एकत्र पाठवा. आठ दिवस कळलं नाही तर आठवण करा, रागावू नका.

‘प्रकाशनपूर्व सवलत’ ही मराठी ग्रंथव्यवहारातली फार चांगली प्रथा आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी कमी किमतीत नोंदणी घेतात. आलेल्या रकमेतून कागदाचा आणि छपाईचा खर्च काही प्रमाणात भागतो, आणि किती प्रती छापायच्या याचा अंदाजही येतो. ज्या प्रकाशकाची दोन-तीन पुस्तकं आवडली आहेत, त्याच्याच नोंदणीत पैसे घाला. अनोळखी ठिकाणी मोठी रक्कम आधी देऊ नका. आणि आवडत्या प्रकाशकाचं नवं पुस्तक आलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घ्या. पाचशे प्रती संपल्यावर दुसरी आवृत्ती येईलच याची खात्री नसते.

टपालखर्च हा इथला खरा अडथळा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण दीडशे रुपयांच्या कवितासंग्रहावर सत्तर रुपये कुरियर लागलं की मन मागे येतं. पुस्तकांसाठीची नोंदणीकृत टपालाची जुनी स्वस्त सेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली, तेव्हा छोट्या प्रकाशकांना मोठा फटका बसला. 1 मे 2025 पासून टपाल खात्यानं ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. त्यात 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांपासून 5 किलोपर्यंत 100 रुपये, अधिक कर, असा दर ठरला. अभ्यासक्रमाची पुस्तकं तसंच सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक विषयांवरची छापील पुस्तकं या सेवेनं जातात. पार्सल जमिनीवरच्या वाहतुकीनं जातं, म्हणून वेळ लागतो. प्रकाशकाला विचारा, “ज्ञान पोस्टनं पाठवता येईल का? उशीर चालेल.” दोनशे पानांचं डेमी आकाराचं पुस्तक अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे एकेक मागवण्यापेक्षा चार-पाच मिळून मागवणं फायद्याचं. सोसायटीतले, शाळेतले, कार्यालयातले तीन-चार जण मिळून दर तिमाहीला एकत्र मागणी पाठवा. दहा प्रतींवर सवलतही मिळते, आणि गठ्ठा फोडताना एकमेकांची पुस्तकं पाहून नवी नावं कळतात.

वर्षाला 3,000 रुपये ठेवता येत असतील, तर मी निम्म्याहून थोडे जास्त थेट प्रकाशकांकडे, सातशे-आठशे प्रदर्शनांत आणि उरलेले पैसे दोन नियतकालिकांच्या वर्गणीवर घालेन. वर्गणी वगळू नका, पुढच्या वर्षीची यादी तिच्यातूनच तयार होते.

ज्यांना विकत घेणं शक्य नाही, आणि जे परदेशात आहेत

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या हजारोंत आहे, आणि त्यांच्या अनुदानातला काही भाग ग्रंथखरेदीसाठी असतो. खरेदी अनेकदा आर्थिक वर्षाच्या अखेरीस, एकदम आणि एकाच विक्रेत्याकडून होते. म्हणून जानेवारीतच ग्रंथपालांना भेटा आणि पुस्तक, लेखक, प्रकाशक, किंमत, आयएसबीएन आणि प्रकाशकाचा नंबर असलेली पाच पुस्तकांची टंकलिखित यादी द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. तीन सभासदांच्या सह्या असतील तर यादीचं वजन वाढतं.

परदेशातल्या वाचकांसाठी टपाल पुस्तकापेक्षा महाग पडतं. ई-आवृत्ती असेल तर बुकगंगावर पाहा. छापील हवं असेल तर भारतातल्या नातेवाइकांच्या पत्त्यावर पुस्तकं जमा होऊ द्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर आणा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांकडे पाठवतो, आणि त्या परदेशातल्या मराठी गटांपर्यंतही गेल्या आहेत. तुमच्या महाराष्ट्र मंडळाला त्यांच्याशी बोलायला सांगा.

संपलेल्या पुस्तकासाठी आधी लेखकाला विचारा, त्याच्याकडे बरेचदा दहा-वीस प्रती पडून असतात. फक्त वाचायचं किंवा अभ्यासायचं असेल, तर 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकानं प्रत पाठवणं बंधनकारक असलेल्या चार ग्रंथालयांत मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तिथे चौकशी करा. व्हॉट्सॲपवर फिरणारी नव्या पुस्तकाची पीडीएफ मात्र कृपा करून पुढे ढकलू नका. मोठ्या प्रकाशकाला ती टोचते. पाचशे प्रती काढणाऱ्याची दुसरी आवृत्तीच तिच्यामुळे निघत नाही.

वाचून झाल्यावर

पुस्तक आवडलं तर शंभर-दीडशे शब्द लिहा आणि जिथे तुम्हाला चार माणसं वाचतात तिथे टाका. ‘अप्रतिम, नक्की वाचा’ एवढ्यानं कुणी पुस्तक मागवत नाही. ते कुठल्या भागातलं आहे, कुणाबद्दल आहे, भाषा कशी आहे, कुणाला आवडेल आणि कुणाला कंटाळा येईल, हे सांगा. खाली प्रकाशकाचं नाव, पानं, किंमत आणि मागवण्यासाठी त्यांचा छापील नंबर द्या. आवडलं नसेल तरी कारणांसह लिहा. छोट्या प्रकाशकांच्या पुस्तकांवर विरोधी मत यावं, इतकंही लक्ष सहसा कुणी देत नाही.

हेच टिपण प्रकाशकालाही पाठवा, आणि वाचताना सापडलेले मुद्रणदोष पान आणि ओळीच्या क्रमांकासह एका कागदावर लिहून त्यासोबत जोडा. पुनर्मुद्रणाआधी ही यादी हातात असणं त्यांच्या फार कामाचं असतं. बरोबर पुढच्या पुस्तकांबद्दल विचारा, म्हणजे प्रकाशनपूर्व नोंदणी सुरू झाल्यावर ते तुम्हालाही कळवतील.